सीटखालची टाकी

फोर्डच्या मॉडेल टी गाडीत पेट्रोल भरायचं तर आधी पुढच्या सीटवरच्यांना खाली उतरवावं लागे. मग गादी उचलायची, खालच्या टाकीचं झाकण फिरवायचं, आत किती उरलंय ते लाकडी पट्टी बुडवून पाहायचं आणि नरसाळं लावून ओतायचं. सांडलं तर सांडलं. त्या गाडीला पेट्रोलचा पंपच नव्हता. टाकी उंचावर, इंजिन खाली, त्यामुळे पेट्रोल आपल्या वजनानेच उतरे. उभ्या चढावर टाकीत थोडंच पेट्रोल असलं की हा हिशेब उलटा होई, इंजिन उपाशी राही, आणि ड्रायव्हर गाडी फिरवून रिव्हर्समध्ये चढ चढवी. १९०८ ते १९२७ या काळात या मॉडेलच्या दीड कोटी गाड्या कारखान्याबाहेर पडल्या. बसणाऱ्याच्या बुडाखाली टाकी आणि नाकात तिचा वास, ही तेव्हाची रीतच होती.

आज बंद काचांच्या गाडीत पेट्रोलचा जरासा वास आला तरी माणूस धास्तावतो आणि गॅरेज गाठतो. शंभर वर्षांत वास तोच राहिला, त्याचा अर्थ पालटला. हे पालटणं नीट पाहायचं तर चंद्रपूर-गडचिरोलीचा मुलूख चांगला. उन्हाळा भाजून काढणारा, रस्ते लांबच लांब, पंप विरळ, आणि दोन्ही बाजूंना सागाचं नि बांबूचं जंगल, जे फेब्रुवारीपासून मृगापर्यंत पेटायला टपलेलं असतं.

मॉडेल टीच्या काळात हा सगळा मध्य प्रांतातला एकच चांदा जिल्हा होता. चांद्याचं चंद्रपूर झालं ते १९६४ च्या सुमारास आणि गडचिरोली वेगळा निघाला २६ ऑगस्ट १९८२ रोजी. मोटार असायची ती साहेबाकडे, एखाद्या मालगुजाराकडे नाहीतर लाकडाच्या ठेकेदाराकडे. जंगलात शिरणाऱ्याला परतीचं पेट्रोल सोबतच न्यावं लागे, आणि ते डब्यात. बर्मा ऑइल आणि शेल यांनी १९२८ मध्ये एकत्र येऊन बर्मा-शेल काढली, त्याच्या आधीपासून रॉकेल आणि पेट्रोल पत्र्याच्या डब्यांतून देशभर फिरत होतं. रॉकेलचा चार गॅलनचा रिकामा पिपा तर घरोघरी पाणी तापवायला, धान्य ठेवायला, छपराला ठिगळ लावायला उपयोगी पडे. पण पत्रा पातळ, सांधे कच्चे. बैलगाडीच्या वाटेवर दहा कोस हादरे खाल्ले की कुठला तरी कोपरा पाझरू लागे.

हे दुखणं काही चांद्यापुरतं नव्हतं. दुसऱ्या महायुद्धात उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटात ब्रिटिश फौजेचं पेट्रोल असल्याच चार गॅलनच्या डब्यांतून जाई, आणि आघाडीवर पोचेपर्यंत त्यातलं सुमारे ३० टक्के वाया जातं, असा जनरल ऑकिनलेक यांचा अंदाज होता. जर्मनांचा २० लिटरचा कॅन मात्र गळत नसे. दोन अर्ध्या भागांचा जोड वेल्डिंगने पक्का केलेला, तोंडावर खटक्याने बसणारं झाकण, आणि पेट्रोल फुगलं तर मावावं म्हणून वर ठेवलेली हवेची जागा. ब्रिटिशांनी तो जसाच्या तसा उचलला आणि त्याला नाव पडलं जेरीकॅन. युद्धानंतर लष्करी सामान विक्रीला निघालं तेव्हा हे कॅन हिंदुस्थानभर पसरले आणि जीपच्या पाठीला जाऊन बसले.

युद्धाने आणखी एक गंमत केली. १९४१ मध्ये पेट्रोलचं रेशनिंग आलं. कूपन असेल तेवढंच पेट्रोल, आणि खासगी गाडीवाल्याला ते कसंबसं पुरे. मग बसगाड्यांच्या आणि मोटारींच्या मागे लोखंडी भट्ट्या बसू लागल्या. भट्टीत लाकडी कोळसा अर्धवट हवेवर जाळायचा, निघालेला गॅस गाळून-थंड करून इंजिनात सोडायचा. लिटरभर पेट्रोलचं काम करायला साधारण दीड किलो कोळसा लागे. सकाळी हातपंख्याने भट्टी फुंकून गॅस धरायलाच दहा-पंधरा मिनिटं जात, गाडीचा जोर तिसऱ्या हिश्शाने तरी घटे, चढावर उतारूंना उतरून चालावं लागे. तरी गाड्या चालल्या. पेट्रोल समुद्रापलीकडून यायचं, कोळसा जंगलात तयार होत होता.

त्या गॅसमधला जळणारा मुख्य भाग म्हणजे कार्बन मोनॉक्साइड. त्याला वासच नाही. पेट्रोल गळलं तर नाक आधी सांगतं. भट्टीचा सांधा सुटला तर डोकं जड होतं, मळमळतं, आणि माणूस झोपी जातो तो उठत नाही. पेट्रोलच्या वासाचा उपकार केवढा, हे कोळशाच्या गाडीनेच पहिल्यांदा दाखवलं म्हणायचं.

पेट्रोलचा धोका सरकारला आधीपासून ठाऊक होता. स्फोटकं आणि पेट्रोलियम यांच्या सुरक्षिततेचं खातं १८९८ मध्ये सुरू झालं, लगेच १८९९ मध्ये पेट्रोलियमचा कायदा झाला, आणि तो मोडून १९३४ मध्ये नवा आला. तोच आजही चालतो. या खात्याचं मुख्यालय आपल्या नागपुरात, सेमिनरी हिल्सवर आहे, हे विदर्भातल्याही पुष्कळांना माहीत नसतं. कायदा सांगतो की विक्रीसाठी नसलेलं पेट्रोल परवान्याशिवाय ३० लिटरपर्यंतच जवळ ठेवता येतं, धातूचं भांडं २५ लिटरपेक्षा मोठं नको आणि काचेचं १ लिटरपेक्षा. गाडीच्या टाकीतल्या पेट्रोलला परवाना लागत नाही, ती सूट वेगळ्या कलमात दिली आहे. कायदा हा असा. पण जिथे पुढचा पंप पन्नास-साठ किलोमीटरवर असतो, तिथे पानठेल्याच्या फळीवर पाण्याच्या बाटल्यांत पिवळसर पेट्रोल दिसतं आणि अडलेला मोटारसायकलवाला ते घेतोच.

आता जीप. महिंद्रा कंपनीने १९४७ पासून विलीज जीपची जुळणी सुरू केली आणि पुढच्या दशकात ती इथेच बनू लागली. वनखातं, बांधकाम खातं, पोलीस, लाकडाचे ठेकेदार, सगळ्यांची भिस्त या एका गाडीवर. आलापल्ली, भामरागड, एटापल्ली, सिरोंचा इकडच्या वाटांवर पावसाळ्यात दुसरं काही चालतच नसे. लष्कराच्या जुन्या जीपमध्ये टाकी होती थेट ड्रायव्हरच्या सीटखाली, आणि पेट्रोल भरायला पुन्हा गादीच उचलावी लागे. पुढच्या नागरी जीपमध्ये तोंड बाहेरच्या बाजूला आलं, टाकी मात्र तिथेच राहिली. जंगलाच्या दृष्टीने ही जागा शहाणपणाची होती. बांबू तोडल्यावर जमिनीत राहणारे तिरपे खुंट भाल्यासारखे असतात. डिकीखाली टाकी लोंबणाऱ्या गाडीला ते परवडत नाहीत. जीपची टाकी उंच आणि आत. धोका एवढाच की ती पाझरली तर साहेबाच्या बुटाशी पाझरे.

जीपला दारं नसत, छत कापडी. वास यायचा आणि वाऱ्याने जायचा. ज्यांना तो सोसत नसे ते लिंबू हुंगत बसत.

खरी कसोटी मे महिन्याची. चंद्रपुरात पारा ४७-४८ अंशांवर गेल्याच्या नोंदी आहेत, ब्रह्मपुरीही फार मागे नसते. पेट्रोल म्हणजे अनेक द्रवांचं मिश्रण, आणि त्यातले हलके घटक ३५-४० अंशांलाच उकळू लागतात. बॉनेटखाली तर त्याहून कितीतरी जास्त ताप. जुन्या गाड्यांत इंजिनाच्या अंगाला चिकटलेला एक पंप टाकीतून पेट्रोल ओढून कार्ब्युरेटरला देई. गॅरेजमध्ये त्याला एसी पंप म्हणतात. पाइपात पेट्रोलची वाफ झाली की पंप ओढी, पण हाती लागे ती वाफ. गाडी भर दुपारी चंद्रपूर-मूल रोडवर उभी. अनुभवी ड्रायव्हर सुताचं फडकं भिजवून पंपावर गुंडाळी, विडी ओढायला लांब झाडाखाली जाई आणि पंप थंडावला की गाडी पुन्हा सुरू करी. काहींच्या पंपावर उन्हाळाभर फडकं बांधलेलंच असे, पाण्याची बाटली शेजारी.

याच उन्हाचा दुसरा हिशेब टाकीत चालतो. ४० लिटरची टाकी पहाटे काठोकाठ भरली आणि दुपारी पेट्रोल २० अंशांनी तापलं, तर ते सुमारे पाऊण लिटरने फुगतं. हे पाऊण लिटर जाणार कुठे? झाकणाच्या वायसरमधून, हवेच्या नळीतून, टाकीच्या डोक्यावरच्या गेजच्या बैठकीतून ते वाट काढतं. टाकी कुठेही फुटलेली नसते, तरी गाडीखाली ओल. म्हणून जुने लोक सांगत की उन्हाळ्यात टाकी गळ्यापर्यंत भरू नये. पंपावरचा पोऱ्या आजही नळी आपोआप बंद पडल्यावर आकडा पुरा करायला चार थेंब आणखी कोंबतो, ही खोड सुटता सुटत नाही.

आणि टाकी खरोखर फुटली तर? वाटेत उपाय एकच, साबण. कपडे धुण्याचा कडक साबण ओलसर करून मळायचा आणि भेगेत दाबून भरायचा. पेट्रोलमध्ये साबण विरघळत नाही, त्यामुळे तो बूच बनून राहतो. पाण्यात मात्र विरघळतो. म्हणजे हा इलाज मे महिन्यात आठवडाभर टिके आणि जुलैत पहिल्या नाल्यात वाहून जाई. पुढे एम-सील आलं, राखाडी आणि काळी गोळी एकत्र मळून लावायची. साबणाची जागा त्याने घेतली, तरी ज्याच्या पेटीत एम-सील नाही त्याच्या पेटीत साबण असतोच.

पक्कं काम गॅरेजमध्ये. इथे एक उलटी गोष्ट मिस्त्री नव्या पोट्ट्याला पहिल्या दिवशी सांगतो: भरलेल्या टाकीला भिऊ नको, रिकामीला भी. पेट्रोल स्वतः जळत नाही, त्याची वाफ जळते, आणि हवेत ती दीड ते साडेसात टक्क्यांच्या दरम्यान असली की ठिणगी पुरते. रिकाम्या टाकीत नेमकं हेच मिश्रण दबा धरून बसलेलं असतं. म्हणून टाकी उतरवायची, सोड्याच्या गरम पाण्याने पुन्हा पुन्हा खळबळून घ्यायची, उन्हात उघडी ठेवायची. झाळताना ती पाण्याने भरायची, फक्त भेगेपुरती जागा पाण्याबाहेर. जुने कारागीर गॅसची ज्योत टाकीजवळ आणतच नसत. तांब्याची खैली लांबच्या शेगडीत तापवून आणायची आणि कथिलाचा डाग द्यायचा. पत्र्याच्या टाक्यांवर आतून-बाहेरून शिसं-कथिलाचा मुलामा असे, त्यामुळे डाग छान धरे. हा मुलामा एकदा खरवडला गेला की पावसाळी हवेतलं पाणी अर्ध्या टाकीत साचून आतून गंज धरे, आणि मग डागामागून डाग.

गळती शोधण्याचं साधन म्हणजे नाकच. वास कधी येतो यावरून मिस्त्री निम्मं निदान सांगे. टाकी भरल्या दिवशीच येतो आणि दोन दिवसांनी जातो, तर वरच्या अंगाला गडबड, भरायच्या नळीचा रबरी जोड किंवा गेजची बैठक. सकाळी गाडी काढताना बॉनेटकडून येतो, तर कार्ब्युरेटरचा फ्लोट अडकून ओव्हरफ्लो. सततच येतो आणि खाली डाग पडतो, तर टाकीची तळाची शिवण नाहीतर पाइप. सगळ्यात फसवी गळती बाहेर थेंबही न दाखवणारी: एसी पंपाचा पडदा फाटला की पेट्रोल इंजिनाच्या तेलात उतरे. तेलाची पट्टी काढून हुंगायची. पेट्रोलचा वास आला आणि तेलाची पातळी आपोआप वाढलेली दिसली की समजायचं. हे पट्टी हुंगणं म्हणजे त्या धंद्यातलं नाडी बघणं होतं.

१९७३ च्या तेलसंकटाने पेट्रोल महागलं आणि जीपच्या पोटात डिझेल इंजिनं बसू लागली. पुढे गावोगाव धावणारी काळी-पिवळी तर डिझेलचीच. डिझेलची वाफ सहज धरत नाही, त्यामुळे ओल्या फडक्याची गरज उरली नाही. वास मात्र चिकट, कपड्याला लागला की धुण्यालाही दाद न देणारा. दहा-पंधरा वर्षांत या मुलखातल्या प्रवाशांचं नाक पेट्रोलकडून डिझेलकडे वळलं.

पेट्रोल परत आलं ते छोट्या गाड्यांतून. मारुती ८०० डिसेंबर १९८३ मध्ये आली आणि नव्वदीत तालुक्याच्या डॉक्टर-मास्तरांपर्यंत पोचली. पुढच्या चाकांनी ओढणाऱ्या अशा छोट्या गाड्यांत टाकी बहुधा मागच्या सीटच्या पत्र्याखाली असते. म्हणजे पुन्हा सीटखालीच, पण आता काचा बंद. ज्या वासाला जीपमध्ये वारा होता त्याला इथे जागाच नाही. पोरं मागे ओकायला लागली की बाप गाडी थांबवून खाली वाकून बघू लागला. वासाला तक्रारीचा दर्जा मिळाला तो इथे.

कंपन्यांनाही तो दर्जा मान्य करावा लागला, मात्र कारण वेगळं होतं. पेट्रोलची वाफ उन्हात धुरकं तयार करते म्हणून कॅलिफोर्नियाने १९७० च्या गाड्यांपासून टाकीची वाफ बाहेर सोडायला बंदी घातली. भारतात भारत स्टेजच्या नियमांनी हेच केलं: बंद कोठडीत ठेवलेल्या गाडीतून चाचणीभरात २ ग्रॅमपेक्षा जास्त वाफ सुटता कामा नये. त्यासाठी गाडीत एक डबी बसली. टाकीतली वाफ नळीने या डबीत येते, तिथे अडकून राहते आणि इंजिन चालू झालं की ओढून जाळली जाते. डबीत भरलेलं असतं काय, तर कोळसा! लाकडापासून किंवा नारळाच्या करवंटीपासून केलेला, असंख्य सूक्ष्म भोकं असलेला सक्रिय कोळसा. युद्धात पेट्रोलच्या जागी आलेला कोळसा साठ वर्षांनी पेट्रोलचा वास धरून ठेवायच्या नोकरीला लागला.

याच सुमारास कार्ब्युरेटर गेला आणि इंजेक्शन आलं. पंप टाकीच्या आत, पेट्रोलमध्येच बुडलेला. मेमधली वाफेची भानगड बहुतेक संपली. पण एसी पंपाच्या काळात पाइपात जो नाममात्र दाब असे तो आता दहापटीहून जास्त, तीन बारच्या घरात. जुना पाइप सुटला तर थेंब पडे. आता सुटला तर फवारा उडतो. टाक्याही प्लास्टिकच्या झाल्या, तिथे ना साबण धरत, ना कथिल. थोडक्यात, वास फार क्वचित येतो, आणि आला तर रस्त्याकडेचा इलाज उरलेला नाही.

असा वास कारखान्यातूनच आल्याचं एक उदाहरण सगळ्या देशाला आठवत असेल. एप्रिल २०१४ मध्ये मारुती सुझुकीने एर्टिगा, स्विफ्ट आणि डिझायर मिळून १,०३,३११ गाड्या परत बोलावल्या. दोष टाकीत पेट्रोल भरायच्या नळीच्या गळ्याचा. नळी आपोआप बंद झाल्यावरही इंधन कोंबलं तर वास येऊ शकतो, टोकाला गळतीही होऊ शकते, असं कंपनीनेच सांगितलं. ऑगस्ट २०१९ मध्ये वॅगन आरच्या ४०,६१८ गाड्या परत बोलावल्या गेल्या. पेट्रोलची नळी एका धातूच्या क्लॅम्पला घासण्याचा संशय. तोवर हे सगळं कंपन्यांच्या मर्जीवर चाले. २०१९ च्या मोटार वाहन दुरुस्ती कायद्याने सरकारला गाड्या परत बोलावण्याचा हुकूम देण्याचा अधिकार मिळाला, तो एप्रिल २०२१ पासून लागू आहे. सिरोंच्यात किंवा भामरागडात गाडी असलेल्याला अधिकृत वर्कशॉप गाठायचं म्हणजे दिवस मोडतो, तेव्हा असं पत्र आलं तरी ते कपाटात पडून राहण्याचीच शक्यता जास्त.

मात्र गळतीला हलकं लेखावं असा हा मुलूख नाही. १९ मे २०२२ च्या रात्री चंद्रपूर-मूल रस्त्यावर अजयपूरजवळ इंधनाचा टँकर आणि लाकडाचे ओंडके नेणारा ट्रक समोरासमोर आदळले. दोन्ही पेटले आणि नऊ माणसं जळून गेली. एकाच अरुंद रस्त्यावरून या जिल्ह्याचं लाकूड बाहेर जातं आणि बाहेरचं इंधन आत येतं. मे महिन्यात या दोघांची गाठ पडणं म्हणजे काय, ते त्या रात्री दिसलं.

ताडोबात आजही मुख्यतः पेट्रोलच्या उघड्या जिप्सीच पर्यटकांना घेऊन फिरतात. १९८५ मध्ये आलेली ही गाडी २०१९ पासून नागरी बाजारात नवी मिळत नाही, म्हणून मोहर्ली-कोलाऱ्याच्या गेटवर उभ्या असलेल्या गाड्या डागडुजीवर तग धरून आहेत. त्यांच्या रबरी नळ्यांपुढे आता नवीन प्रश्न आहे. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आलं आहे, आणि एप्रिल २०२३ च्या आधीच्या बहुतेक गाड्यांचे रबर-वायसर त्या प्रमाणासाठी बनवलेले नव्हते. इथेनॉल जुनं रबर फुगवतं, ठिसूळ करतं, पाणी धरून ठेवतं आणि पत्र्याच्या टाकीतला गंज सुटा करून फिल्टरमध्ये आणतं.

गाडीला दारू पाजायची कल्पना इथे मुळीच नवी नाही. शंभर वर्षांपूर्वी प्राणहितेपलीकडच्या हैदराबाद संस्थानात मोहफुलांच्या स्पिरिटवर मोटारी चालवता येतील का, याची चाचपणी झाली होती. १९४८ मध्ये पेट्रोलमध्ये मद्यार्क मिसळण्याचा कायदाही झाला. मोहफूल त्यात नंतर मागेच पडलं. आजचं इथेनॉल उसाचं, मक्याचं आणि तांदळाचं आहे, आणि तांदूळ तर या दोन जिल्ह्यांचं मुख्य पीक. जुन्या जिप्सीचा मालक एवढंच करू शकतो की इंधनाच्या सगळ्या रबरी नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या घालून घ्यायच्या, क्लिपा नव्या लावायच्या आणि पहिल्या दोन टाक्यांनंतर फिल्टर बदलायचा. गॅरेजमध्ये हे अर्ध्या दिवसाचं काम आहे आणि पर्यटनाचा हंगाम सुरू होण्याआधीच उरकलेलं बरं.